बाळाचे श्वास कसे मोजता? (पंधरा सेकंद गुणिले चार करू नका)

पूर्वभागातली_आजी

सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली गोष्ट आहे. आमचं घर पूर्व भागात, खाली चार यंत्रमाग आणि वर आम्ही. लेक सात महिन्यांच्या नातवाला घेऊन संक्रांतीला माहेरी आली होती. तिसऱ्या दिवशी बाळाला सर्दी झाली, मग खोकला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे अंगडं वर करून छातीसुद्धा न बघता खोकल्याचं औषध लिहून दिलं. घरी आलो. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, ह्याचा श्वास जोरात चाललाय का गं?"

मला तरी कुठे सांगता येत होतं! जोरात म्हणजे किती जोरात?

लेकीने मोबाईल बघत पंधरा सेकंद मोजले, चारने गुणले, ३६ आले. जावयाला व्हिडिओ कॉल लावला, त्याने तिकडून मोजले तर ५६. माझ्या मुलाने मोजले, ४८. तिघांचे तीन आकडे, आणि तिघांनाही वाटत होतं की आपलंच बरोबर. मुलाने मग बाळाच्या पोटाचा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि आम्ही तो थांबवत थांबवत पाहिला. पहिल्या पंधरा सेकंदांत ९ श्वास, दुसऱ्या पंधरात १४, मग १२, मग १०. एकूण ४५. म्हणजे मोजताना चूक कोणाचीच झाली नव्हती. बाळाचा श्वासच एका लयीत चालत नाही. जरा भरभर घेतं, मग संथ होतं. पहिला तुकडा चारने गुणला की ३६, दुसरा गुणला की ५६. एक आकडा सांगतो घरी बसा, दुसरा सांगतो आत्ता उठा आणि दवाखान्यात पळा.

आमच्या शेजारी एक निवृत्त सिस्टर राहतात, सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची बरीच वर्षं गेली. त्यांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी आधी टीव्ही बंद करायला सांगितला आणि मग खालचे माग. माग चालू असले की आमची फरशी थरथरते, आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण त्या म्हणाल्या की त्या थरथरीत लेकराचं पोट हललं का घर हललं ते कळत नाही. बाळ नुकतंच अंगावर पिऊन शांत झालं होतं. त्याला आईच्या मांडीवर सरळ, उताणं झोपवलं, कमरेत वाकलेलं नाही. झबलं गळ्यापर्यंत वर सरकवलं. माझ्या हातात घड्याळ दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फक्त मिनिट सांभाळा. 'सुरू' म्हणा आणि 'थांबा' म्हणा. मी पोटावरची नजर काढणार नाही."

आणि त्यांनी नजर कुठे ठेवली माहीत आहे? करदोट्यावर. करदोटा वर गेला की एक. खाली आला ते मोजायचं नाही, परत वर गेला की दोन. दर दहा श्वासांना बोटाचं एक पेर पुढे. एवढ्या वर्षांत करदोट्याचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

त्यांचेही ४५ आले. मग त्यांनी मला वयाचा हिशेब सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते. बाळ शांत असताना, पूर्ण एका मिनिटात: दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्षाचं होईपर्यंत ५० किंवा जास्त. वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचे हेच आकडे आहेत आणि आपल्याकडच्या आशा, एएनएम (आरोग्यसेविका), अंगणवाडी ताईंना हेच शिकवतात.

"सध्या ४५ आहेत, पन्नासच्या आत. पण रात्री परत मोजा. दूध ओढेनासं झालं, झोपेतून उठेनासं झालं किंवा इथे खड्डा पडायला लागला, तर मोजत बसू नका, थेट न्या." 'इथे' म्हणताना त्यांनी बाळाच्या खालच्या बरगडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

पहाटे सहाला मोजले, ५८. परत मोजले, ५७. आणि तो खड्डा. श्वास आत घेताना पोट वर येत होतं आणि त्याच वेळी बरगड्यांची खालची कड आत ओढली जात होती. एकदा दिसलं की मग ते दिसतच राहतं. रिक्षा काढली. न्यूमोनिया निघाला. तीन रात्री ठेवून घेतलं. आता बाळ छान आहे, रांगत मागापर्यंत जातं आणि आम्ही त्याच्या मागे.

त्या पहाटे हातात आकडे होते म्हणून आम्ही उठून गेलो. "सर्दीच आहे, उजाडू दे, मग बघू" म्हणत दहा वाजवले असते. हा धागा त्यासाठीच काढला आहे. तुम्ही कसे मोजता, कुठे अडतं, ते लिहा. आणि माझं एक कळकळीचं सांगणं: बाळ बरं असताना एकदा मोजून ठेवा. आमचा नातू ठणठणीत असताना झोपेत ३२ असतो, जागेपणी खेळत असला तर ३८. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारीख टाकून लिहिलं आहे. ह्या ३२ मुळे ४५ म्हणजे काय ते मला आता कळतं.

---

विजापूररोडचा_बाबा

आजी, बाळ बरं आहे हे वाचून बरं वाटलं. पण एक शंका आहे. माझी मुलगी दीड वर्षाची, तिला मिनिटभर एका जागी कोण ठेवणार? अंगडं वर केलं की रडते. पंधरा सेकंद मिळतात तेच खूप. मोठ्यांची नाडी पंधरा सेकंदच मोजतात की.

---

पूर्वभागातली_आजी

दादा, नाडी मिनिटाला सत्तर-ऐंशी आणि बऱ्यापैकी एका चालीत पडते, तिथे ते खपतं. श्वास मोजताना तुमचा एक चुकला की गुणाकारात चार चुकले. दीड वर्षाच्या मुलीला ३६ आणि ४० यांत फक्त चारांचं अंतर आहे!

रडताना मोजलेला आकडा धरायचाच नाही. रडू थांबल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. सगळ्यात सोपं म्हणजे झोपेत मोजा. दिवे घालवू नका, अंगावरची चादर काढा, झबलं हळूच वर करा. जागेपणी मोजायचेच असतील तर आईच्या मांडीवर बसवून समोर काहीतरी धरा, भांडं, किल्ल्या, काहीही. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघू नका, नाहीतर ती तुमच्याकडे बघून हसते आणि श्वास बदलतो.

---

आशा_मोहोळकडची

मी आशा म्हणून काम करते. आजींनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, त्यात नवजात बाळांचं थोडं घालते, कारण सगळ्यात जास्त घाबरलेले फोन त्याच आयांचे येतात.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आम्ही घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. दर भेटीला वजन, ताप आणि श्वास. आमच्या पिशवीत घड्याळ दिलेलं असतं ते यासाठीच. नवीन बाळ भरभर पाच-सात श्वास घेतं आणि मग काही सेकंद थांबतं, परत सुरू करतं. पाच-दहा सेकंदांचा असा थांबा पुष्कळ बाळांत दिसतो आणि बाळ गुलाबी असेल, नीट पीत असेल तर तो त्याच्या वयाचा भाग असतो. वीस सेकंदांपर्यंत श्वास थांबला, किंवा थांबताना बाळ निळं-पांढरं पडलं, ढिलं पडलं, तर मात्र लगेच दवाखाना.

ह्याच कारणाने दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले की आम्ही पुन्हा पूर्ण मिनिट मोजतो. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले तर तिथे "थांबून बघू" नसतं. एवढ्या लहान बाळाला घरी औषध देत बसायचं नाही, पाठवायचं.

आणि छातीचा खड्डा: अगदी लहान बाळाची छाती मऊ असते, त्यामुळे थोडंसं ओढल्यासारखं दिसू शकतं. ते खोल आणि स्पष्ट दिसत असेल तर धोका. मोठ्या बाळात मात्र शांत असताना खालची छाती आत जात असेल तर ते कधीच "असंच आहे त्याचं" म्हणून सोडू नका.

आमच्याकडे बायका "श्वास वाढलाय" असं म्हणत नाहीत. "पोट उडायलंय" म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. आई असं म्हणाली की मी चप्पल घालून निघते, कारण तिने बघितलेलं असतं.

---

वाचनवेडा_सातरस्ता

आजींच्या सिस्टरांनी दर दहा श्वासांना एक पेर पुढे नेलं, त्यावरून आठवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच काम मण्यांवर केलं. गावातल्या दाया अक्षरओळख नसलेल्या, पन्नास-साठपर्यंत सलग मोजताना गोंधळायच्या. मग त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. लहान बाळांची रांग वेगळी, मोठ्यांची वेगळी. गावातच न्यूमोनिया ओळखून गावातच औषध दिल्याने बालमृत्यू कमी झाले, हा त्यांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास १९९९ साली. आशाताई ज्या भेटी देतात त्यांचं मूळ त्या कामात आहे.

त्याच्याही आधी, १९८४ साली, पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी कोणत्या मुलाला प्रतिजैविक द्यायचं आणि कोणाला दाखल करायचं हे श्वासाचा वेग आणि छाती ओढली जाणं यांवरून ठरवता येईल असं मांडलं. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी उघड्या डोळ्यांनी काय दिसेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हे वाचून मला दरवेळी भरून येतं. आपल्या हातात मोबाईल आहे, त्यात घड्याळ आहे, आणि तरी आपण पंधरा सेकंदांत आटपायला बघतो.

---

नवीआई_जुळेसोलापूर

काकू, माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई रोज अंघोळीनंतर ओवा-शेपांची धुरी देतात. आधी काही वाटत नव्हतं, पण आता धुरीनंतर बाळ शिंकतं, खोकतं आणि पोट जोरात हलतं. मी मोजले तेव्हा ५२ आले. नाही म्हणायला भीती वाटते, त्या मनापासून करतात. काय करू?

---

पूर्वभागातली_आजी

बाई, आधी बाळाचं बघ. दोन महिने पूर्ण झाले असतील तर त्याची रेघ आता ६० ला नाही, ५० ला आहे. अंघोळ, धुरी, रडणं ह्यांनंतर लगेच मोजू नकोस. धूर नसलेल्या खोलीत अर्धा तास शांत झोपू दे आणि परत पूर्ण मिनिट मोज. तेव्हाही ५० किंवा वर आले तर आजच्या आज दाखव.

धुरीचं मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण मीही माझ्या दोन्ही लेकरांना दिली आहे. शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग. धूर तो धूरच. चुलीचा असो की ओव्याचा, लेकराच्या नाजूक छातीत तोच जातो, आणि धुराच्या घरात न्यूमोनिया जास्त होतो. सासूबाईंना ऊबच द्यायची आहे ना? मग तीच द्यायला सांग. उन्हात तापवलेलं दुपटं, टोपी, पायमोजे, आणि अंघोळीनंतर लगेच तुझ्या अंगाशी. त्यांना एकदा बाळाचे श्वास मोजायला बसव, धुरीच्या आधी आणि नंतर. माझ्या विहीणबाईंना मी असंच बसवलं. आयुष्यभर हजारांच्या हिशेबाने विड्या वळलेल्या त्या, मोजण्यात त्यांचा हात कोण धरणार. दोन्ही आकडे त्यांनी स्वतः मोजले आणि शेगडी स्वतःच उचलून ठेवली.

---

नवीआई_जुळेसोलापूर

झोपल्यावर मोजले. ४१. आईशप्पथ, पायांतलं त्राण गेलं होतं माझ्या. उद्या सासूबाईंना बसवते.

---

कोरडवाहू

ताप असताना मोजलेल्याचं काय? आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली लेकरू नुसतं उकडूनच धापा टाकतं.

---

सिस्टर_होटगीरोड

मी नर्स आहे, लहान मुलांच्या विभागात. तापाने श्वास वाढतो हे खरं. जमेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं तापाचं औषध द्या, ताप उतरू द्या, मग परत मोजा. पण छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पीत नसेल तर ताप उतरायची वाट बघू नका. ताप उतरूनही आकडा वरच असेल तर तो तापाच्या नावावर टाकू नका. उन्हाळ्यातही तेच. अंगावरचे कपडे कमी करा, हवेशीर जागी आणा, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर अंगावर पाजा, आणि थोड्या वेळाने मोजा.

नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. ते घालून नाक मोकळं करा आणि मग मोजा. नाकाच्या घरघरीला लोक छातीचा कफ समजतात. कापूर, निलगिरी असलं काही लहान बाळाच्या नाकाशी नेऊ नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात. सर्दी-खोकल्याची औषधं मनाने देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं एकत्र औषध चार वर्षांखाली देऊ नये असा आपल्या औषध नियंत्रकांचा २०२३ चा आदेश आहे.

बोटाला लावून ऑक्सिजन बघायच्या यंत्राबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगते. कोरोनात सगळ्यांनी घेतलेलं यंत्र मोठ्यांच्या बोटासाठी आहे. बाळाच्या बोटावर ते सरकतं, पाय गार असेल, बाळ हलत असेल तर काहीही दाखवतं. ९७ दाखवलं म्हणून ५८ श्वास विसरायचे नाहीत. बाळ आधी श्वास वाढवून ऑक्सिजन सांभाळतं, दमल्यावर आकडा पडतो. खऱ्या, बाळाच्या मापाच्या यंत्रावर ९० च्या खाली आलं तर बाळाला दवाखान्यातल्या ऑक्सिजनची गरज असते.

शेवटचं. जलद श्वास म्हणजे दरवेळी न्यूमोनियाच, असं नाही. श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल तर बाळदम्यासारखं किंवा श्वासनलिकेच्या सूजेचं काही असू शकतं. दूध पिताना घाम फुटतो, वजन वाढत नाही आणि श्वास कायम जास्त, तर हृदय तपासून घ्यावं लागतं. खोकला नाही, ताप नाही, जुलाब होऊन डोळे खोल गेलेत आणि श्वास खोल-जलद चाललाय, तर तेही तातडीचंच. आकडा तुम्हाला दवाखान्यात न्यायला आहे, निदान घरी करायला नाही.

---

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

धागा आत्ताच वाचला. मुलगा दहा महिन्यांचा. दोन दिवस खोकला, आज ताप. झोपेत मोजले, पूर्ण मिनिट. ५४. परत मोजले ५३. ताप हाताला नाही आता. छाती नीट कळत नाही, नाकपुड्या फुलतात असं वाटतंय. दूध घेतलं संध्याकाळी, पण अर्धंच. रात्रीचे साडेअकरा झालेत. मी तिसऱ्या पाळीला निघालो होतो. सकाळी नेलं तर चालेल का?

---

सिस्टर_होटगीरोड

नाही. आत्ता न्या. दहा महिने, झोपेत, ताप नसताना दोनदा पन्नासच्या वर आणि दूध कमी झालंय. पाळी राहू द्या. मुलांसाठी रात्री उघडं असलेलं रुग्णालय जवळ असेल तिथे, नाहीतर सरळ सिव्हिल. गाडी नसेल, किंवा ओठ निळे दिसले, कण्हत असेल, उठेनासं झालं, तर १०८. जाताना बाळाला घट्ट गुंडाळू नका, आईच्या खांद्याशी उभं धरा, वाटेत जबरदस्तीने काही पाजू नका.

---

पूर्वभागातली_आजी

दादा, जा. दोन्ही आकडे आणि वेळ कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर सुचत नाही. मी जागी आहे.

---

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

काल लिहायला जमलं नाही. नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही घड्याळ लावून मोजले, ५५. कागद दाखवला तर विचारलं कोणी मोजले. न्यूमोनियाची सुरुवात आहे म्हणाले. ऑक्सिजन ठीक होता, दूध घ्यायला लागला म्हणून रात्रभर नजरेखाली ठेवून सकाळी घरी सोडलं. पाच दिवसांचं पातळ औषध आहे, दोन दिवसांनी परत बोलावलंय. न्यूमोनियाची लस दीड महिन्याची आणि साडेतीन महिन्यांची झाली होती, नऊ महिन्यांची राहून गेली. बरा झाला की देऊ म्हणाले.

आता औषध चालू आहे तर रोज किती वेळा मोजायचं?

---

आशा_मोहोळकडची

सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्री एकदा, झोपेत. दोन दिवसांत आकडा उतरायला हवा, ताप जायला हवा, दूध वाढायला हवं. उतरत नसेल तर बोलावलेल्या दिवसाची वाट न बघता जा. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका, पाचही दिवस पूर्ण करा. आणि नऊ महिन्यांच्या लसीचं कार्ड मला फोटो काढून दाखवा, त्यासोबत गोवर-रुबेलाचीही असते, तीही राहिली असेल.

---

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

होय ताई, तीही राहिली आहे. आज दुपारी झोपेत ४४.